आईची गोळी फेल झाली

गेल्या महिन्यात एका गुरुवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास आईची बीपीची गोळी फेल झाली.

आईला काही झालं नाही, घाबरू नका. ती तेव्हा डोंबिवलीत निवांत सिरियल बघत बसली होती. फेल झाली ती फक्त गोळी, आणि तीसुद्धा पुण्यात, आमच्या ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर, माझ्या हातात. यंत्राच्या पडद्यावर लाल पट्टी आली आणि पट्टीवर मोठ्या अक्षरांत ‘फेल’. गंमत म्हणजे लाल पट्टी कधी दाखवायची आणि हिरवी कधी, हे ठरवणारा कोड मीच लिहिलेला.

आता हे सगळं पहिल्यापासून सांगायला हवं.

दीड वर्षापूर्वीपर्यंत मी एका बँकेच्या प्रोजेक्टवर होते. व्याजाचा दर बदलला की चार स्क्रीन बदलायच्या, हे आयुष्य. मग तो प्रोजेक्ट संपला आणि मला एका उपकरणं बनवणाऱ्या क्लायंटकडे टाकलं. (नाव विचारू नका, सही करून बसले आहे.) त्यांचं एक हातात धरायचं यंत्र आहे, साधारण भिंतीला भोक पाडायच्या ड्रिल मशीनएवढं. औषध कंपन्यांच्या गोडाऊनमध्ये कच्च्या मालाची पिंपं आणि पोती येतात. प्रत्येकावर लेबल असतं, पण लेबलावर विश्वास कोण ठेवणार? पूर्वी प्रत्येक पिंपातून नमुना काढून लॅबला पाठवायचा आणि रिपोर्टची वाट बघायची. आता गोडाऊनमधला माणूस हे यंत्र पिशवीला बाहेरूनच टेकवतो, बटण दाबतो, आणि अर्ध्या मिनिटात हिरवं किंवा लाल. पिशवी उघडायचीही गरज नाही.

ह्या जादूचं नाव रामन स्पेक्ट्रोस्कोपी. होय, तेच आपले सी. व्ही. रामन. शाळेत २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं भाषण मी दोनदा पाठ करून म्हटलंय. ‘समुद्र निळा का दिसतो’ ह्या वाक्याने सुरुवात आणि ‘जय हिंद’ने शेवट. मधलं मात्र कधीच कळलं नव्हतं. ते कळलं पंचविशी उलटल्यावर, पगार घेताना :-)

मधलं असं आहे. एखाद्या पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाश टाकायचा, आजकाल लेझरचा. त्यातला जो प्रकाश विखुरला जातो तो जवळजवळ सगळा जसाच्या तसा परत येतो, त्याच रंगाचा. भिंतीवर चेंडू मारावा आणि तो तेवढ्याच वेगाने परत यावा तसा. पण साधारण एक कोटीत एखादा कण असा निघतो की तो रेणूला आपटताना त्याला थोडीशी ऊर्जा देऊन येतो. त्या ऊर्जेने रेणू थरथरतो, आणि परत आलेल्या कणाचा रंग किंचित बदललेला असतो. किती बदलला? रेणूच्या थरथरण्याला जेवढी ऊर्जा लागते, बरोबर तेवढा. आणि प्रत्येक रेणूची थरथरण्याची तऱ्हा वेगळी. त्यामुळे बदललेले रंग मोजले की पलीकडे कोणता रेणू बसलाय ते ओळखता येतं. ह्या बदलांचा आलेख काढला की शिखरं दिसतात. हिऱ्याचं शिखर १३३२ ला, चुनखडीचं १०८५ च्या आसपास, पॅरासिटामॉलची एक सबंध रांग. जणू बोटांचे ठसेच.

एक कोटीत एक म्हणजे किती कमी, ह्याचा अंदाज येण्यासाठी मी एक हिशोब केला होता. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या होती सव्वाअकरा कोटी. म्हणजे सबंध महाराष्ट्रातून अकरा माणसं. एक क्रिकेट टीम. त्या टीमला गर्दीतून शोधायचं आणि तिच्यावरून पदार्थ ओळखायचा. त्यात कधी पदार्थ स्वतःच चमकतो, की हे अकरा जण त्या झगझगाटात बुडून जातात. हळदीचं असं होतं. दुपारच्या उन्हात मोबाईलची स्क्रीन बघावी तसं.

नवीन यंत्र हातात आल्यावर मी पहिल्या आठवड्यात अर्धं स्वयंपाकघर डब्यात भरून ऑफिसला नेलं होतं. साखर झकास दिसते. खायचा सोडा दिसतो. हळदीने अपेक्षेप्रमाणे झगझगाट केला. आणि मीठ? मीठ दिसतच नाही! चिमूटभर टाका नाहीतर किलोभर. मिठाच्या स्फटिकाची रचनाच अशी सममित आहे की त्याला साध्या मोजणीत शिखर मिळत नाही. धातूंचंही तसंच. प्लास्टिकच्या आरपार बघून औषध ओळखणाऱ्या यंत्राला समोरचं मीठ दिसू नये, हे मला तेव्हा फारच विनोदी वाटलं होतं. त्यात विनोदापेक्षा जास्त काही आहे हे नंतर कळलं.

असो. तर आईची गोळी.

दिवाळीनंतर आई पुण्याला आली होती तेव्हा गोळ्यांची एक पट्टी माझ्याकडे विसरून गेली. ती माझ्या पर्समध्ये फिरत होती. त्या गुरुवारी नव्या बिल्डची चाचणी चालू होती, टेबलावरचे सगळे नमुने संपले, आणि सहज म्हणून मी ती पट्टी यंत्रासमोर धरली. आमच्या लायब्ररीत त्या औषधाचा आलेख होता, शुद्ध पावडरचा. अम्लोडिपिन, पाच मिलिग्रॅम. घराघरात चालणारी गोळी. बटण दाबलं आणि लाल. पुन्हा दाबलं, लाल. दुसरी गोळी, लाल. ‘सर्वांत जवळचा पदार्थ’ म्हणून यंत्राने नाव दिलं ते मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज. म्हणजे, सोप्या मराठीत, लाकडाचा लगदा.

माझ्या पोटात गोळा आला. आई आठ वर्षं ही गोळी घेतेय. औषधाच्या जागी लगदा? बनावट औषधांच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. मी शेजारच्या सहकाऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, ‘डिफेक्ट टाक.’ आमच्याकडे सगळ्याच प्रश्नांना हे उत्तर असतं.

शनिवारी पहाटेच्या सिंहगड एक्सप्रेसने निघाले. कल्याणला उतरून लोकल, घरी पोचेपर्यंत साडेनऊ. आईला काही बोलले नाही. पोहे खाऊन झाले आणि बाबा गॅलरीत पेपर घेऊन बसले, तेव्हा हळूच पट्टी त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं.

बाबांची ओळख करून द्यायची राहिली. बाबा बी.एस्सी. केमिस्ट्री. पस्तीस वर्षं औषध कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली, बरीचशी ठाणे-बेलापूर पट्ट्यात. लहानपणी त्यांच्या शर्टाला कायम लॅबचा वास यायचा. माझ्या नोकरीचं त्यांना कौतुक आहे, पण ‘यंत्र टेकवलं की झालं’ ह्या प्रकाराबद्दल त्यांचं स्वतंत्र मत आहे, आणि ते दर भेटीत ऐकावं लागतं.

बाबांनी पट्टी उलटून बघितली, चष्मा कपाळावर ढकलला आणि हसायला लागले.

‘अगं वेडे, पाच मिलिग्रॅमची गोळी ही. अख्ख्या गोळीचं वजन किती असेल?’

‘माहीत नाही.’

‘दोनशे मिलिग्रॅम धर. त्यात औषध पाच. म्हणजे अडीच टक्के. बाकीचं काय असणार? सेल्युलोज, कॅल्शियम फॉस्फेट, असलं काहीतरी. पाच मिलिग्रॅम नुसतं दिलं तर तुझ्या आईच्या हातातून सांडून जाईल. हातात धरता यावं म्हणून त्यात भर घालतात. तुझ्या यंत्राने पोहे बघितले आणि पोहे म्हणाला. मोहरी बघायला सांगितलीस तर त्याने काय करावं?’

हुश्श! मला इतकं हलकं वाटलं की मी आणखी एक वाटी पोहे घेतले. (मोहरी दिसत होती.) यंत्र पिंपातला शुद्ध कच्चा माल ओळखण्यासाठी आहे आणि मी त्याला भर घातलेली गोळी दाखवली. चूक माझी, कंपनी निर्दोष, आई सुखरूप. विषय संपला.

पण बाबांच्या डोक्यातून संपला नव्हता. पेपरची घडी घालून ते म्हणाले, ‘म्हणजे जे असायला हवं ते अडीच टक्के तुझ्या यंत्राला दिसलं नाही.’

‘हो.’

‘मग जे असायला नको, ते अडीच टक्के असेल तर दिसेल?’

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

‘पिंपात ग्लिसरीन आहे असं धर,’ बाबा म्हणाले. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

जानेवारी-फेब्रुवारी १९८६. मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये चौदा पेशंट गेले. त्यांना औषध म्हणून ग्लिसरीन दिलं होतं आणि त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होतं. हे ग्लायकॉल कारखान्यांत वापरतात, ब्रेक ऑईलसारख्या गोष्टींत. रंग नाही, घट्टसर, चवीला गोड. ग्लिसरीनशेजारी ठेवलं तर डोळ्याला फरक कळत नाही. पोटात गेलं की किडन्या बंद पडतात. न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. त्याचा अहवाल १९८७ मध्ये आला, आणि खरेदीपासून तपासणीपर्यंत साखळीतली कडी न् कडी कशी सडली होती ते त्यात निघालं.

बाबा तेव्हा चोवीस वर्षांचे. नोकरीला जेमतेम वर्ष झालेलं. त्यांची कंपनी टॉनिक बनवायची आणि टॉनिकमध्ये ग्लिसरीन असतं. बातम्या आल्या त्या दिवशी साहेबांनी सगळे ग्लिसरीनचे रजिस्टर मागवले.

‘एका लॉटसमोर माझी सही होती,’ बाबा म्हणाले. ‘टेस्ट केली नव्हती. सप्लायरचं सर्टिफिकेट बघितलं आणि सही ठोकली. डिस्पॅचची घाई होती. सगळेच करायचे तसं.’

त्या रात्री ते घरी आले नाहीत. लॅबमध्ये थांबून एकेका पिंपाचा नमुना घनतेच्या बाटलीत भरून तोलत बसले. ग्लिसरीनची घनता १.२६, डायइथिलीन ग्लायकॉलची १.१२. डोळ्यांना फसवता येतं, तराजूला नाही. पहाटेपर्यंत सगळी पिंपं झाली. सगळी बरोबर निघाली.

‘नशीब,’ मी म्हटलं.

‘तेच तर,’ बाबा म्हणाले. ‘नशीबच. मी केलेलं काहीच नव्हतं त्यात.’

हे बोलून ते आत गेले आणि पाण्याची मोटार लावली. आमच्या घरी भावनिक प्रसंग असेच संपतात.

दुपारी सगळे झोपले तेव्हा मी लॅपटॉप उघडला. कारण मला एक गोष्ट बोचत होती, जी मी बाबांना सांगितली नव्हती.

आमचं सॉफ्टवेअर ओळख कशी पटवतं ते सांगते. आलेख म्हणजे शेवटी काय, आकड्यांची लांबलचक रांग. लायब्ररीतली एक रांग, समोरच्या पदार्थाची एक रांग. बारावीतले व्हेक्टर आठवा. दोन व्हेक्टरमधल्या कोनाचा कोसाइन काढायचा. तंतोतंत जुळले तर १, काहीच संबंध नसेल तर ०. आणि एक सीमारेषा आखायची. आमची होती ०.९५. त्याच्या वर हिरवं, खाली लाल.

क्लायंटच्या ग्राहकांची तक्रार अशी की चांगला माल उगीच फेल होतो. कधी गोडाऊनमधला उजेड आत शिरतो, कधी माल थोडा पिवळसर असतो आणि चमकतो. फेल झालं की लॉट अडकतो आणि लॉट अडकला की फोन येतात. म्हणून तिकीट आलं: ०.९५ चं ०.९० करा. कॉन्फिग फाईलमधली एक ओळ. मी बुधवारी बदलली, दोन मिनिटांत. लीडने ‘ग्रेट’ लिहून अंगठा दाखवला. पुढच्या शुक्रवारी रिलीज.

आता दुपारी बसून मी साधा हिशोब मांडला. समजा शुद्ध पदार्थाचा एक व्हेक्टर आणि भेसळीचा दुसरा. दोघांची ताकद सारखी, आणि दोघांची शिखरं अगदी वेगळी, म्हणजे व्हेक्टर एकमेकांशी काटकोनात. ही यंत्रासाठी सर्वांत सोपी परिस्थिती. आता दहा टक्के भेसळ करा: ०.९ भाग हा, ०.१ भाग तो. कोसाइन किती येतो? ०.९९४. परत केला. ०.९९४ च. दहा टक्के भेसळ आणि यंत्र म्हणतं जवळपास शंभरपैकी शंभर. वीस टक्के भेसळ: ०.९७. हिरवंच. ०.९५ च्या खाली जायला भेसळ जवळजवळ पंचवीस टक्के लागते.

आणि माझ्या नव्या ०.९० ला? सुमारे तेहेतीस टक्के. पिंपाचा तिसरा हिस्सा.

आणि हे कधी, तर शिखरं वेगळी असताना. ग्लिसरीन आणि डायइथिलीन ग्लायकॉल हे तसे लांबचे नातेवाईक, दोघांत कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजनच. काही शिखरं एकमेकांवर चढतात. म्हणजे कोन अजून लहान, आणि हिरव्या पट्टीत मावणारी भेसळ अजून जास्त. औषधी ग्लिसरीनमध्ये ह्या ग्लायकॉलची मर्यादा आहे ०.१ टक्का. एक दशांश टक्का!

मी पंख्याकडे बघत बसले.

तंत्राला दोष देण्याची सोय नव्हती, कारण तंत्र उत्तमच आहे. ग्लिसरीनच्या पिंपात अख्खं दुसरंच काही भरलं असेल तर ते यंत्र अर्ध्या मिनिटात पकडेल, आणि अशा अदलाबदलीही होतात. ०.१ टक्का शोधायला गॅस क्रोमॅटोग्राफी लागते, ते काम लॅबचं. शिवाय आलेखातून ओळखीचा पदार्थ वजा करून ‘उरलं काय?’ हे विचारायच्या पद्धती आहेत, त्या कोसाइनपेक्षा खूप बारीक बघतात. दोष होता पडद्यावरच्या शब्दात. यंत्राला एवढंच म्हणायचं होतं की ‘हे ग्लिसरीनसारखं दिसतंय’. आम्ही त्याच्या तोंडी घातलं ‘पास’. आणि गोडाऊनमधल्या माणसाने ‘पास’ वाचलं की तो पुढे लॅबला कशाला पाठवेल? डिस्पॅचची घाई तर सगळीकडेच असते.

ग्लिसरीनचं आणि रामन परिणामाचं एक जुनं नातं आहे, ते मला हा प्रोजेक्ट मिळाल्यावर वाचताना सापडलं होतं. विज्ञान दिनाच्या भाषणात ते नसतं. १९२१ साली रामन बोटीने इंग्लंडहून परत येताना भूमध्य समुद्राची निळाई बघतात, इथपर्यंत आपल्याला पाठ असतं. पुढची सात वर्षं कलकत्त्यात २१०, बहुबाजार स्ट्रीटवरच्या संस्थेत त्यांचे विद्यार्थी एकेक द्रव घेऊन त्यातून विखुरलेला प्रकाश बघत होते. १९२३ मध्येच रामनाथन यांना द्रवांत एक अंधुक, रंग बदललेला प्रकाश दिसला होता. वाटलं, मळ असेल, अशुद्धीची चमक असेल. पुन्हा पुन्हा शुद्ध केलं तरी तो जाईना. मग १९२७ च्या शेवटी वेंकटेश्वरन यांनी अतिशय शुद्ध केलेलं ग्लिसरीन उन्हात धरलं. विखुरलेला प्रकाश निळा दिसायला हवा, तो दिसला हिरवट.

हे वेंकटेश्वरन पूर्णवेळ संशोधक नव्हते. नोकरी सांभाळून फावल्या वेळात संस्थेत यायचे. म्हणजे आपल्यासारखेच, वीकेंडवाले. पुढचं काम के. एस. कृष्णन यांनी हातात घेतलं. येणाऱ्या प्रकाशात निळा-जांभळा फिल्टर, बघणाऱ्या डोळ्यासमोर हिरवा-पिवळा. दोन्हीतून पार होईल असा प्रकाशच नाही, म्हणजे अंधार दिसायला हवा. पण मध्ये द्रव ठेवला की उजेड दिसायचा. साठेक द्रव तपासले, सगळ्यांत तेच. २८ फेब्रुवारी १९२८ ला स्पेक्ट्रोस्कोपमधून तो उजेड नीट वेगळा बघितला. १९३० साली नोबेल.

मला ह्यात भारी वाटतं ते हे, की त्या लोकांना जे दिसलं ते ‘अशुद्धी असेल’ म्हणून सोडून देता आलं असतं. शंभरातल्या नव्याण्णव लोकांनी दिलं असतं. त्यांनी शुद्ध केलं, परत बघितलं, परत शुद्ध केलं. कोटीत एक कण, पण तो आहे म्हणजे आहे. आणि त्याच शोधावर चालणाऱ्या यंत्रात मी एक ओळ बदलून सांगत होते की तिसरा हिस्सा वेगळा असला तरी चालेल.

रविवारी रात्री पुण्याला परत येताना गाडीत मेल लिहिला. लीडला, क्लायंटची प्रॉडक्ट बाई सीसीमध्ये. तीन मुद्दे. एक, ०.९० नको, हा हिशोब बघा. दोन, पडद्यावर ‘पास’ऐवजी ‘ओळख जुळली, शुद्धता तपासलेली नाही’ असं लिहा. तीन, वजाबाकी करून उरलेलं तपासायचा टप्पा घाला, मी लिहिते. लोणावळा येईपर्यंत मेल तयार होता. पाठवायला चिंचवड उजाडलं. कारण सीसीमध्ये क्लायंट घेणं म्हणजे काय, हे आयटीतल्या कोणालाही सांगायला नको. आणि अप्रेझल दोन महिन्यांवर.

सोमवारी लीडने मीटिंग रूममध्ये घेतलं. ओरडला वगैरे नाही. ‘आधी माझ्याशी बोलायचंस,’ म्हणाला. त्याचं बरोबर होतं. मग म्हणाला, ‘आपल्याला आकडा बदलायला सांगितलाय. आकडा बरोबर की चूक हे त्यांचे केमिस्ट बघतील. आपण कशाला?’ ह्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं, की ती ओळख पटवणारी फाईल उघडून कोणी ‘ब्लेम’ कमांड मारली तर त्या ओळीसमोर माझं नाव येतं. गिटमधल्या ह्या कमांडचं नाव ज्याने कोणी ठेवलं त्याला बाबांचं रजिस्टर माहीत असावं.

पुढे काय झालं? सिनेमासारखं काही नाही. क्लायंटच्या केमिस्टने चार दिवसांनी उत्तर दिलं, सभ्य आणि त्रोटक. आकडा परत ०.९५ झाला. शुक्रवारचं रिलीज दोन आठवडे पुढे गेलं आणि त्या उशिराचं कारण म्हणून शीटमध्ये माझा मोड्यूल लिहिला गेला. ‘पास’ हा शब्द पुढच्या आवृत्तीत बदलणार आहेत. वजाबाकीचा टप्पा बॅकलॉगमध्ये गेलाय. बॅकलॉगमध्ये काय काय जातं आणि त्यातून किती परत येतं, ते तुम्हाला माहीत आहेच. मी तो फावल्या वेळात लिहायला घेतलाय. अर्धा झालाय.

ह्या सगळ्यात एक विचार सारखा येत राहतो. २०२२ मध्ये गांबियात सुमारे सत्तर मुलं गेली, आणि तिथल्या सिरपांत हीच ग्लायकॉल सापडली. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या औषधाने वीसहून जास्त लहान मुलं गेली. पुन्हा डायइथिलीन ग्लायकॉल. ह्याच विषाने अमेरिकेत १९३७ साली शंभराहून जास्त बळी घेतले होते, तेव्हापासून ते जगाला माहीत आहे. रामनचं यंत्र आज मंगळावरच्या गाडीत बसून दगड तपासतंय. तंत्र कुठल्या कुठे गेलं. पण कुठेतरी कोणीतरी सर्टिफिकेट बघून सही ठोकतोच आहे, आणि दरवेळी पिंप चांगलं निघेल असं नाही.

परवाच्या शनिवारी पुन्हा डोंबिवलीला गेले होते. बाबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘तुझ्या लायब्ररीत ग्लिसरीनचा आलेख कुठल्या नमुन्याचा घेतलाय? तो कोणी तपासला होता?’

मला माहीत नव्हतं. सोमवारी विचारणार आहे.

तेवढ्यात आतून आई आली, हातात बीपीचं मशीन. तिला कोणीतरी सांगितलं होतं (कोणीतरी म्हणजे कोण, ते उघड आहे), की मी तिच्या गोळ्या ऑफिसात तपासल्या. दंडाला पट्टा बांधून घेतला, मशीन फुगलं, सुटलं, आणि आकडे आले. १२८ आणि ८०.

‘बघ,’ आई म्हणाली, ‘पास झाली का माझी गोळी?’

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ‘आजच्यापुरती.’